रिकामा रकाना

"...पण ज्या रकान्यात कधीच काही भरलं गेलं नाही, तो काढायला एवढा विरोध कशासाठी?" विदुलाबाईंनी विचारले.

निलोफर अत्तारने नकारार्थी मान हलवली.

विदुलाबाई लिमये यांच्या सांगलीतल्या घरी हे बोलणे चालले होते. एका ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याची, म्हणजे कर्नलची, हेडर फाइल त्या अनेक वर्षे सांभाळत आल्या होत्या. यंत्राची कोणती माहिती कितव्या रकान्यात मिळेल, हे बाहेरच्या प्रोग्रॅमना त्या फाइलीतून कळते. आता हे काम त्या शिष्यांपैकी एकाकडे सोपवणार होत्या. निलोफरला ते हवे होते, आणि तिने ते लपवलेही नव्हते.

"तो रकाना मीच ठेवला होता, पुढच्या एका बेतासाठी. बेत बारगळला. आता तो डोळ्यांना खुपतो. जाण्याआधी घर झाडून जावं म्हणते. काढ."

"नाही, बाई."

"तुझ्याबरोबर शिकलेल्या शार्दूलनं काढून दाखवला. सगळे प्रोग्रॅम नव्या फाइलीवरून पुन्हा तयार, म्हणजे बिल्ड, केले. एक चूक आली नाही."

"ज्यांचा कोड त्याच्या हाताशी होता, तेवढेच त्यानं बिल्ड केले."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कुठेतरी चालू आहेत. लिहिणारे नोकरी सोडून गेले, मूळ कोड हरवला. एखाद्या शीतगृहात असा प्रोग्रॅम अजून तापमान वाचत असेल. मधला रकाना काढला की खालचे सगळे एकेक घर वर सरकणार. तो जुन्याच क्रमांकावर बघत राहणार, त्याला ते कळायचं नाही. तापमानाच्या जागी तो दाब वाचेल, आणि तक्रारही करणार नाही."

"असं एक शीतगृह दाखव."

"नाही दाखवता येणार."

"पुरावा नाही, आणि ऐट केवढी! अगं, रिकाम्या खुर्चीला कोणी पंखा लावून ठेवतं का?"

"खुर्ची रिकामी आहे, हे तुम्ही इथे बसून म्हणता. पुरावा तुम्ही द्या, बाई."

"कोणाशी बोलते आहेस?"

"जिनं मला हे शिकवलं तिच्याशी."

"मग तीच सांगते आहे. काढ. नाहीतर उद्यापासून फाइल शार्दूलकडे जाईल."

"जाऊ दे."

विदुलाबाईंनी लॅपटॉप पुढे ओढला. ती ओळ स्वतः खोडली आणि बदल सर्वांपुढे पाठवला.

कोणाचाही बदल दुसऱ्याने तपासून मान्य केल्याखेरीज फाइलीत जात नसे. हा प्रघात बाईंनीच घातला होता. त्या आठवड्यात तपासणीची पाळी निलोफरची होती.

तिने तिथेच, त्यांच्यासमोर, आपला लॅपटॉप उघडला. देशोदेशीचे सहकारी वाचतील अशा जागी, गुरूच्या बदलाखाली तिने लिहिले: नामंजूर. हा रकाना आता लिहिणाऱ्याचा राहिलेला नाही, वापरणाऱ्यांचा झाला आहे.

खाली आपले पूर्ण नाव घातले.

"माझ्या तोंडावर..." विदुलाबाई म्हणाल्या.

"पाठीमागे केलं असतं, तर चाललं असतं?"

विदुलाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. एकेका शब्दावर थांबत त्यांनी निलोफरचा अभिप्राय सावकाश वाचला. मग पुन्हा वाचला.

निलोफरने पर्स खांद्याला लावली. ती उठली.

"बस."

ती उभीच राहिली.

"बरं, उभी राहा. पण फाइल उघड."

निलोफरने उघडली. फाइलीच्या माथ्यावर ती सांभाळणाऱ्याचे नाव लिहिलेले असते. तिथे एकच नाव होते.

"रकाना राहू दे," विदुलाबाई म्हणाल्या. "वरचं माझं नाव काढ, तुझं घाल. त्यानं कोणाचंही काही बिघडणार नाही."