देवराईची रीत

आपल्या बागेत चाळीस माळी राबवणारे सरदार दाजीराव कुऱ्हाडीवाली माणसं घेऊन आंबेखोलच्या देवराईवर आले. राईच्या तोंडाशी सरसू गुरवीण आडवी उभी राहिली. देवाची पूजा आणि राईची राखण तिच्या घराकडे होती.

“नुसतं रान माजलंय, निगा म्हणून नाही!” सरदार गरजले. “हे तोडून माझ्या बागेसारखी बाग करतो.”

सरसू जागची हलली नाही. “सरकार, आधी पैज होऊ द्या. वैशाखभर तुमच्या बागेला कुलूप, आमच्या राईतही कुणी जायचं नाही. जी हिरवी राहील, तिची रीत दुसऱ्याने पाळायची.”

सरदारांनी हसत हसत गावासमोर शब्द दिला.

महिना सरला. बाग उघडली, तर गुलाबांच्या काटक्या झालेल्या. राई मात्र गर्द, आतला झराही वाहता.

“इथे चाळीस माळ्यांचं काम करतं कोण?” सरदारांचा आवाज उतरला होता.

“कुणीच नाही. हीच आमची निगा,” सरसू म्हणाली. “आता रीत ऐका. जोडे बाहेर काढायचे, रिकाम्या हाताने यायचं आणि रिकाम्याच हाताने जायचं.”

कुऱ्हाडीवाल्यांनी सरदारांकडे पाहिलं. ते वाकून जोडे काढत होते.