दीपकाडीवरचे दगड

दुसऱ्याच्या डोक्यावर काही दिसले की ते काय आहे हे न विचारताच उतरवायला धावणारी माणसे आपल्यात फार झाली आहेत. त्यांच्या मनात प्रेमच असते, म्हणून त्यांना कोणी अडवतही नाही.

कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळमाळावर, एकदा एक वृद्ध गुरुजी राहत होते. घरामागच्या कातळाच्या भेगेत दीपकाडीचे कांदे होते. पावसाळ्याच्या तोंडी त्यांतून बारीक दांडे वर येत आणि पांढऱ्या फुलांनी भरून जात. गुरुजींची दृष्टी मंदावत चालली होती. यंदाचा बहर दिसेल तो शेवटचा, असे ते सहज बोलून गेले, आणि ते त्यांच्या तरुण शिष्याच्या मनाला फार लागले.

पण कोंब फुटायच्या सुमारास गुरुजी स्वतःच त्या कांद्यांवर दगड रचून ठेवत. शिष्याला ते पाहवेना. एका संध्याकाळी गुरुजी गावात गेले तसा तो जेवणावरून उठला. दुसरी भाकरी हातात घेऊन गुरुजींची बहीण, आक्का, त्याला बस म्हणत राहिली. त्याने एकेक दगड दूर केला. कडेचा मोठा धोंडा तेवढा हलेना.

सकाळी भेग उकरलेली होती. साळिंदराने कांदे फस्त केले होते. उरली होती नुसती सालपटे.

गुरुजी काठी टेकत आले आणि वाकून भेग चाचपून शिष्यापाशी बसले.

"मला वाटलं, तुम्हाला फुलं लवकर दिसावीत," तो कसाबसा म्हणाला.

गुरुजींनी त्याचा खरचटलेला तळवा हातात घेतला. "ते कळलं रे. पण तू वरून पाहिलंस, म्हणून तुला ते ओझं वाटलं. खालच्या कांद्याला ते दार होतं. कोंब फटीतून वाट काढतो, साळिंदराला ती सापडत नाही. माया करावी, पण ज्याच्यावर करतोस त्याच्या जागी आधी जरा बसून बघावं."

मग त्यांनी तोच हात धोंड्याच्या कडेला नेला. खालच्या फटीत शिष्याच्या बोटाला एक गार, टोकदार कोंब लागला. त्याने हात तसाच ठेवला. थोड्या वेळाने दोघे मिळून दगड पुन्हा रचू लागले.

दारातून आक्का म्हणाली, "बरं झालं, काल हा दुसऱ्या भाकरीला थांबला नाही. ती खाल्ली असती तर धोंडाही हलला असता."