निळ्या आभाळाखालचा पूर

मुलांनो, पश्चिमेचे उंच डोंगर उतरून पूर्वेकडे चालू लागले, की मोकळा माळ लागतो. त्या माळावरच्या एका ओढ्याकाठी एक सशीण राहत होती. तिला तीन पिले झाली होती. दोन चांगली टुणटुणीत होती. धाकटे मात्र जन्मापासूनच अशक्त. आईच्या कुशीतून ते फारसे बाहेर पडत नसे.

आश्विनाचे दिवस होते. हे दिवस मोठे लहरी असतात बरे! पावसाळा पुरता संपलेला नसतो आणि थंडी अजून लांब असते. पहाटे दवाने अंगावर शहारे येतात आणि दुपारी असे ऊन तापते, की वाटावे, चुकून वैशाखच परत आला. त्या वर्षी माळावर बरेच दिवस पावसाचा थेंब पडला नव्हता. गवत पिवळे पडले होते, जमिनीला भेगा पडू लागल्या होत्या. "पाऊस परतला. मी तर पिसाराही उतरवून ठेवला," असे मोर सगळ्यांना सांगून गेला होता. पावसाच्या बाबतीत मोराच्या शब्दापुढे माळावर कोणी जात नसे.

मग उन्हाने पिले कासावीस होऊ लागली, तेव्हा सशिणीने आपले बिऱ्हाड खाली ओढ्याच्या पात्रात हलवले. तिथे मधोमध एक गवताळ उंचवटा होता. खाली गार वाळू, वर लव्हाळ्यांची सावली आणि दोन्ही अंगांनी झुळझुळणारे जेमतेम पाणी. समोरच्याच दरडीत एक म्हातारे साळिंदर बीळ करून राहत होते. ते दिवसभर झोपायचे आणि झोपमोड झाली की चिडायचे.

एके दिवशी सकाळी एक धोबी पक्षी उडत उडत आला आणि ओढ्यातल्या दगडावर टेकला. इवलासा पक्षी, लांब शेपटी सारखी वरखाली हलणारी. पण आज त्याला तेही जमत नव्हते, इतका तो थकला होता.

"दमलेले दिसता, पाहुणे," सशीण म्हणाली. "असे सावलीत या. कुठून येणं केलंत?"

"डोंगरावरून, ताई," धोबी पक्षी सावलीत सरकत म्हणाला. "तिकडे अजून पाऊस आहे. दुपार कलली की ढग दाटतात, विजा कडाडतात आणि मग असा कोसळतो, की दाट झाडाखाली बसलं तरी अंग कोरडं राहत नाही. काल तर त्यानं उसंतच घेतली नाही."

सशिणीने वर पाहिले. आभाळ स्वच्छ निळे होते. "इथे तर ढगाचा मागमूस नाही हो!"

"तेच तर नवल! मी भिजलेल्या पंखांनी निघालो आणि इथं पोचेपर्यंत खडखडीत वाळलो. एकाच दिवशी तिकडे कुडकुडायचं आणि इकडे धापा टाकायच्या."

तेवढ्यात दरडीतून साळिंदराचा आवाज आला, "अरे, झोपू द्या की जरा! पाऊस म्हणे! इथं माझा एकेक काटा तापलाय."

"काका, पाहुणे खोटं कशाला सांगतील?"

"खोटं कोण म्हणतंय? पण डोंगरातला पाऊस डोंगरात. आपल्याला त्याचं काय?" असे म्हणून ते पुन्हा आत वळले.

सशिणीला ते काही अगदीच चूक वाटले नाही. तरीही तिच्या मनात कसलीशी टोचणी लागली. हळूच तिने विचारले, "पाहुणे, हा आमचा ओढा येतो तरी कुठून?"

"तिथूनच, ताई. मी त्याचाच काठ धरून आलो."

सशीण विचारात पडली. पिलांना जवळच्या टेकडीवर न्यावे, तर तिथले दगड तव्यासारखे तापलेले. आदल्याच दिवशी धाकटे उन्हाने निपचित पडले होते. त्याला आता भर उन्हातून न्यायचे कसे? आणि इथेच ठेवावे, तर जीव थाऱ्यावर राहत नव्हता. संध्याकाळपर्यंत थांबावे, गार झाले की निघावे, असे तिने ठरवले आणि पाणी प्यायला ती कडेला गेली.

पाण्यात तोंड घालता घालता ती थबकली. माळाची माती काळी. ओढा कधी गढुळला तर काळपटच व्हायचा. आज मात्र पाण्यात तांबूस रंग उतरला होता. त्या रंगाबरोबर एक हिरवेगार, ताजे पान तरंगत आले. जांभळीचे पान! आणि माळावर तर एकही जांभूळ नव्हते.

आता संध्याकाळची वाट पाहण्यात अर्थ नव्हता. सशिणीने पहिल्या पिलाला अलगद तोंडात धरले आणि ती टेकडीकडे पळत सुटली. पाय भाजत होते, घशाला कोरड पडली होती. टेकडीवरच्या मोठ्या खडकाशी पिलाला ठेवून ती परतली, दुसऱ्याला घेऊन गेली. तोवर धोबी पक्षी धाकट्यापाशी बसून राहिला. पाण्यात छाती बुडवायची आणि त्या इवल्या अंगावर पिसे झटकायची, असे त्याचे चालले होते.

"घाबरू नकोस हं, बाळा," तो म्हणत होता. "आई आलीच बघ."

सशीण तिसऱ्यांदा आली, तेव्हा झुळझुळणारे पाणी तिच्या पोटाला लागत होते. धाकट्याला घेऊन ती कशीबशी काठावर चढली. आता थेट टेकडी गाठायची. पण दरडीपाशी तिचे पाऊल अडखळले. आत काका झोपले होते.

तिने धाकट्याला गवतात ठेवले आणि बिळाच्या तोंडाशी मागचे पाय दाणदाण आपटले. "काका, उठा! पूर येतोय!"

"पुन्हा तेच? अगं, मोर सांगून गेलाय ना..."

"मोराचं राहू द्या, काका. तुमच्या दाराशी पाणी आलंय, ते तरी बघा!"

काटे फुलवून, तणतणत साळिंदर बाहेर आले. त्यांचा पुढचा पाय लाल पाण्यात पडला आणि त्यांचे तणतणणे तिथेच थांबले. "चल, पोरी," ते एवढेच म्हणाले. "पिलू उचल. मी आहे मागे."

ते निम्म्या चढावर असतील नसतील, तोच मागे गडगडाटासारखा आवाज झाला. वर लख्ख ऊन होते, आभाळात एवढासाही ढग नव्हता आणि खाली ओढ्यातून तांबड्या पाण्याचा लोंढा फांद्या, ओंडके, फेस घेऊन धावत येत होता. बघता बघता उंचवटा बुडाला. दरडीचा मोठा लचका तुटून पाण्यात कोसळला. त्याच्याबरोबर साळिंदराचे बीळही गेले.

पण टेकडीवर पोचल्यावरही सशिणीचा जीव भांड्यात पडला नाही. सूर्य कलल्यामुळे खडकाची सावली पलीकडे, कड्याच्या टोकाकडे सरकली होती आणि तिथे पिलांना ठेवण्याजोगी जागा नव्हती. धाकट्याचे कान तापले होते, डोळे मिटत होते. सशीण त्याला चाटत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते.

साळिंदर पुढे सरसावले. ते सूर्य आणि पिले यांच्या मधे जाऊन बसले आणि त्यांनी अंगावरचे सगळे काटे ताठ उभे केले. एवढी मोठी सावली पडली, की तिन्ही पिले तिच्यात मावली. धोबी पक्षी पुराच्या काठाशी जाऊन छाती भिजवून येई आणि धाकट्याच्या ओठांवर थेंब टाकी. कितीतरी वेळाने त्या ओठांतून इवलीशी जीभ बाहेर आली आणि तिने एक थेंब टिपला.

"माझं बीळ गेलं," साळिंदर हळूच म्हणाले.

"हो, काका."

"आणि मी त्यात झोपलो होतो."

सशीण त्यांच्या जवळ सरकून बसली.

हळूहळू ऊन उतरले. आश्विनातल्या संध्याकाळी सुटतो तसा गार वारा सुटला. पुराचा जोर ओसरू लागला. साळिंदर मात्र जागचे हलले नव्हते, की त्यांनी मान वळवली नव्हती.

"ऊन गेलं का गं?" त्यांनी विचारले.

"केव्हाच मावळलं, काका."

"मग सांगायचं नाही का! पाठ शेकून निघाली माझी!"

असे म्हणाले खरे, पण ते उठले नाहीत. धाकटे त्यांच्या पुढच्या पंजावर डोके टेकून गाढ झोपले होते.

तात्पर्य : आपल्या डोक्यावर दिसते तेवढेच आभाळ नसते. दूरच्या पावसाची जो आस्थेने विचारपूस करतो, त्याला जवळचे संकट वेळेवर कळते. आणि जो शेजाऱ्यालाही हाक मारतो, त्याला भर उन्हातही सावली मिळते.