पागेच्या मैदानावरची शांतता

आमच्या शहराच्या फुटबॉल स्टेडियमचं कागदोपत्री नाव काहीही असो, रिक्षावाल्याला नुसतं 'पागा' म्हणायचं. तो बरोबर आणून सोडतो. आत पंचवीस हजार माणूस बसतं, चार कोपऱ्यांना दिव्यांचे मनोरे आहेत. पण घोडा म्हणाल तर या जागेत आजवर एकसुद्धा बांधला गेलेला नाही.

तीन नंबरच्या गेटसमोर माझं दुकान आहे. झेंडे, शिट्ट्या, टोप्या, पायमोजे. बाहेरगावचे पाहुणे आधी सावलीला म्हणून आत येतात, मग विचारतात, कुठं बसावं? मी सांगतो, पश्चिमेच्या पायऱ्यांवर बसा, दुपारचं ऊन पाठीवर येतं. भडंग बाहेरूनच घ्या, आतलं मऊ पडलेलं असतं. आणि सामना संपल्यावर काही झालं तरी टाळी वाजवू नका. यावर पाहुणे हसतात. व्यापारी माणूस, थट्टा करत असेल असं त्यांना वाटतं.

थट्टा नाही. इथं शेवटची शिट्टी झाली की जिंकलेली बाजू ओरडत नाही, हलगी वाजत नाही. गवताची राखण करणारे मैदानाचे मुकादम उत्तरेच्या गोलखांबाला टेकून खाली बसतात. ते उठेपर्यंत सगळं स्टेडियम गप्प. मागं एकदा एक टीव्हीवाला धावत माझ्याकडं आला. "काका, कुणी गेलं का हो?" मी म्हटलं, "गेलं नाही बाबा कुणी. दमलंय."

चाळीस वर्षं मी हे सांगत आलोय. पूर्वी उभ्यानं, हातवारे करून सांगायचो. आता गुडघे ऐकत नाहीत, स्टुलावर बसून सांगतो. तुम्हीही टेका.

असं सांगतात की संस्थानाच्या काळी ही उघडी माळजमीन होती आणि दोन पेठांच्या दोन तालमी इथं फुटबॉल खेळायच्या, खंदक तालीम आणि निशाण तालीम. दोन्ही पेठांचं एकमेकींशी इतकं वाकडं, की एकीच्या लग्नाची वरात दुसरीतून जात नसे. एका वर्षी संक्रांतीच्या सामन्याला दरबारचे कारभारी आले. मैदानात गवताची काडी नव्हती. खेळ सुरू झाला आणि धुळीचा लोट थेट त्यांच्या मांडवात. कारभारी खोकून खोकून लाल झाले आणि उठताना हुकूम सोडून गेले म्हणे: पाडव्याच्या सामन्याला इथं हिरवळ दिसली तर मैदान राहील, नाहीतर इथं घोड्यांची पागा बांधू. शहरानं त्याच दिवशी मैदान गेलं असं धरलं आणि जागेला पागा म्हणायला लागलं.

एका माणसानं मात्र तसं धरलं नाही. बाबालाल पखालजी. रेड्याच्या पाठीवर पाण्यानं भरलेली कातडी पखाल टाकून रस्त्यांवर पाणी मारायचं, हे त्याचं काम. सामन्याआधी धूळ बसवायला तो इथंही यायचा. रस्त्यावर लोक त्याला "ए पाणी!" अशी हाक मारायचे. मैदानावर मात्र दोन्ही तालमींचे गडी त्याला बाबालालचाचा म्हणायचे. नावानं हाक मारणारी शहरात ही एवढीच जागा होती, आणि तिथंच आता घोडे येणार होते. त्यानं हरळीच्या मुळ्या आणून टोचल्या आणि दर्ग्यात जाऊन बोलून आला, की पाडव्याचा सामना पार पडेपर्यंत या मैदानात मी बूड टेकणार नाही.

विहीर अर्ध्या कोसावर. पाणी मचूळ, पिण्याच्या कामाचं नाही, त्यामुळं कुणाचा तोटा नव्हता. पहाट झाली की बाबालाल आणि रेडा निघत, दिवस मावळेपर्यंत खेपा. आणि आता आमच्या शहराची अक्कल बघा. उत्तरेचा अर्धा भाग निशाण पेठेच्या अंगाला, दक्षिणेचा खंदक पेठेच्या. तेव्हा दोन्हीकडची माणसं बांधावर खडे घेऊन बसली. उत्तरेला पखाल रिकामी झाली की खंदकवाले एक खडा टाकणार, दक्षिणेला झाली की निशाणवाले. "चाचा, त्यांना आज एक जास्त झाली हां!" अशी ओरड. मदतीला कुणी नाही, खडे टाकायला तीस जण.

पाडवा दहा दिवसांवर आला आणि भर दुपारी रेडा मैदानाच्या मधोमध बसला. बाबालालनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं, मानेखाली हात घातला. रेडा उठला नाही. दुसऱ्या दिवशी बाबालाल पाण्याची लहान कातडी मशक स्वतःच्या पाठीवर घेऊन आला. कमरेत वाकलेला, पाय ओढत. मशक उत्तरेला रिकामी केली, तर खंदकवाल्यांतला एक जण खडा टाकत म्हणाला, "चाचा, आमच्याकडं कालच्यापेक्षा कमी दिसतंय."

बाबालाल थांबला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच बोलला म्हणतात. "लेका, मध्यंतराला बाजू बदलता न्हवं तुम्ही? मग ह्यातलं तुमचं कुठलं आणि त्यांचं कुठलं?"

खडे बंद झाले. पण बांधावरून खाली कुणी उतरलं नाही. आधी त्यांनी उतरावं, मग आम्ही. दोन्हीकडं एकच विचार. दहा दिवस तो एकटाच वाहत राहिला.

पाडव्याला हरळी बोटभर उगवली होती. विरळ, पण हिरवी. सामना झाला, मांडवात धूळ गेली नाही. कारभाऱ्यांनी उठताना एवढंच म्हटलं, "पागा दुसरीकडं बघू." खंदक तालीम एका गोलनं जिंकली. निशाणवाले आजही म्हणतात तो गोल ऑफसाइड होता. मला दोन्ही पेठांत झेंडे विकायचे असतात, मी त्यात पडत नाही.

शेवटची शिट्टी झाली. खंदकाच्या हलगीवाल्यानं काडी उचलली, तेवढ्यात निशाणाचा कप्तान बाळगोंडा, हरलेला, घामानं निथळणारा, हात वर करून ओरडला, "ए, ठेव खाली! चाचा टेकलाय."

उत्तरेच्या खांबाशी बाबालाल बसला होता. मशक मांडीवर, मान छातीवर, गाढ झोपलेला. खंदकाचा कप्तान येसबा होता तिथंच खाली बसला. मग त्याचे गडी, मग निशाणाचे, मग बांधावरची सगळी माणसं. किती वेळ? कुणी तास सांगतो, कुणी तिन्हीसांज झाली म्हणतो. मी कुठल्याही गोष्टीतलं निम्मं कमी करून घेतो. तरी अर्धा तास पुष्कळ झाला.

जाग आली तेव्हा हजारो माणसं आपल्याकडं बघत बसलेली त्याला दिसली. नंतर मैदान दिसलं, बुटांनी पार उखडलेलं.

"झाली न्हवं मॅच?" तो म्हणाला. "मग उठा की. पाणी मारायचं हाय."

आणि मशकीकडं हात नेला. येसबानं ती आधीच उचलली होती. दुसरं टोक बाळगोंडाच्या हातात होतं. दोन पेठांनी एक वस्तू मिळून धरलेली शहरानं तेव्हा पहिल्यांदा बघितली, असं सांगतात.

आता फवारे आहेत, बटण दाबलं की सगळं मैदान भिजतं. तरी आजही मुकादम उठले, हलग्या वाजल्या, लोक पांगले, की दोन्ही कप्तान एक रबरी पाइप धरून उखडलेल्या गवतावर पाणी मारतात. अंगात त्राण नसतं, एकमेकांशी बोलत नाहीत, पण धरतात. बहुतेक पाहुणे तोवर गाडीच्या घाईनं निघून गेलेले असतात. तुम्ही थांबा. तोवर दुकान उघडंच असतं.