पाकोळी आणि कललेलं घर

फार मागची गोष्ट. इंग्लंडातल्या एका बाजाराच्या गावात ओकच्या लाकडाचं एक घर होतं, पार एका अंगाला कललेलं. त्याच्या तुळईखाली पाकोळीने घरटं बांधलं. पण अंडी घालायच्या वेळेला वाऱ्याने घर करकरलं आणि तिचा जीव खालीवर झाला.

समोरचं विटांचं नवं घर म्हणालं, “त्या वाकड्याचा काय भरवसा बाई? इकडे ये.”

“तुळईमावशी, तुम्ही पडणार तर नाही ना?” पाकोळीने विचारलं.

“सुताराने आम्हा लाकडांना ओलंच जोडलं गं. वाळताना वाकलो, तसे एकमेकांत घट्ट रुतलो. वारा आला की आणखी धरून बसतो, त्याचा हा आवाज.”

पाकोळी तिथंच राहिली. पुढे त्या आवाजाने पिलं दचकली, तेव्हा पंख पसरून ती म्हणाली, “झोपा रे, घर कूस बदलतंय.”