दवंडीतलं शेवटचं वाक्य

तेव्हाच्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत, इतक्या जुन्या काळी एका नदीकाठी सात गावं होती. नदी लहान आणि शेतं तहानलेली. म्हणून पाण्याच्या पाळ्या ठरल्या होत्या. रोज एका गावाचा पाट उघडायचा, बाकी सहांचे बंद.

पूर्वी कुणाची पाळी कधी झाली हे एक कारकून वहीत लिहायचा. त्याच्या सासुरवाडीचं गाव आठवड्यातून तीनदा भिजायचं. वही त्याची, त्यामुळे खरंही त्याचंच. शेवटी लोक वैतागले. त्यांनी वही नदीत सोडली आणि नवी रीत काढली. प्रत्येक गावाला एक रंग दिला आणि प्रत्येक घराच्या दारात एक दोरी टांगली. ज्या गावानं त्या दिवशी पाणी घेतलं, त्याच्या रंगाचा धागा प्रत्येक घरानं संध्याकाळी आपल्या दोरीत गाठ मारून बांधायचा. वाद झाला की सगळ्या दोऱ्या नदीच्या वाळूत आणून शेजारी शेजारी पसरायच्या. बहुतेक दोऱ्या सांगतील ते खरं. चारपाच जणांनी खोटी गाठ मारली, तरी हजार दोऱ्यांपुढे त्यांचं काही चालत नसे.

या रीतीला मालक नव्हता. राजाला ते पाणी आपल्या उसासाठी हवं होतं. त्याचा कारभारी दोनदा आला आणि विचारू लागला, "तुमचा मुख्य कोण?" लोक म्हणाले, "कुणीच नाही." धमकावायचं कुणाला आणि फितवायचं कुणाला, हे न कळून तो दोन्ही वेळा हात हलवत परत गेला.

याच गावांत एक तरुण मुलगी होती. आवाज खणखणीत, पायाला भिंगरी. तिच्या बापाचं शेत त्या वहीच्या काळात करपलं होतं. आपल्या बापाचं झालं ते कुठल्याच गावात कुणाचं होऊ नये, एवढाच तिला ध्यास. म्हणून तिनं दवंडीचं काम मागून घेतलं. कुणाचा पाट उघडला हे रोज दुपारी हलगी वाजवून सांगायचं, असं ते काम.

दवंडीचे नियम एका म्हाताऱ्या कोष्टिणीनं घातले होते. तिनं मुलीला समोर बसवलं.

"झालंय तेवढंच सांगायचं, होणार आहे ते नाही. पाणी वाढेल असं कुणाला कबूल करायचं नाही. 'आमची रीत' म्हणायचं नाही, ती तुझीही नाही आणि माझीही नाही. आणि शेवटचं वाक्य कधी गाळायचं नाही."

"कोणतं, आजी?"

"मी सांगते म्हणून गाठ मारू नका. पाटावर जाऊन बघा, मग मारा."

मुलगी हसली. "असं सांगत फिरले तर माझं ऐकणार कोण?"

"कमी ऐकलं तरी चालेल. तुझंच ऐकायला लागले, तर पंचाईत."

काही दिवस मुलीनं नियम पाळले. मग एकदा ती वरच्या अंगाच्या गावांत गेली. त्यांनीही रीतीत यावं असं तिला मनापासून वाटत होतं. भर बाजारात तिनं शेवटचं वाक्य म्हटलं, तसा एक धनगर म्हणाला, "बाई, तुझ्यावर विसंबायचं नाही, तर तू बोंबलत कशाला आलीस? माझी शेळीसुद्धा कामाशिवाय ओरडत नाही."

बाजार खदखदून हसला. मुलीचे कान तापले. तिनं हलगी पुन्हा वाजवली आणि म्हणाली, "आमच्या रीतीत या. ही रीत कधीच मोडणार नाही. येत्या उन्हाळ्यात तुमच्या शेतांना दुप्पट पाणी मिळेल." शेवटचं वाक्य तिनं गिळलं.

महिन्याभरात तीन गावं आली. ती धावत कोष्टिणीकडे गेली. "आजी, तुमच्या नियमांनी इतक्या वर्षांत एक गाव आलं नाही. माझ्या एका दवंडीनं तीन आली."

"कशासाठी आली, ते विचारलंस का?" म्हातारीनं मागावरचा धोटा न थांबवता विचारलं.

मुलीला तेवढा वेळ नव्हता.

आता लोक दवंडीची वाट बघू लागले. पाटापर्यंत उन्हात कशाला जायचं, ती सांगतेच आहे. आधी ते तिचं ऐकून दारातच गाठ मारू लागले. मग आठवड्याच्या गाठी एकदम. एके दिवशी मुलीला तोच धनगर दिसला. त्यानं आपली रंगीत गाठींची दोरी शेळीच्या गळ्यात बांधली होती. ती त्याच्याजवळ गेली.

"दोरी काढलीत?"

"तू आहेस ना, बाई. दोरी कशाला?"

आणि तिला ते गोड वाटलं. सांगायलाही लाज वाटते, पण तसंच घडलं.

उन्हाळा आला. नदी तेवढीच होती आणि वाटेकरी दहा झाले होते. दुप्पट तर सोडाच, पूर्वी सातव्या दिवशी येणारी पाळी दहाव्या दिवशी येऊ लागली. "दुप्पट म्हणाली होतीस," असं वरची गावं तिला ऐकवत.

तेवढ्यात कारभारी तिसऱ्यांदा आला. "तुमचा मुख्य कोण?" या वेळी दहाही गावांनी तिच्याकडे बोट दाखवलं.

तो तिच्या दारी आला. "एवढंच सांगायचं. पावसाळ्यापर्यंत सगळं पाणी राजाच्या मळ्याला, आणि हे सगळ्या गावांनी मान्य केलंय."

"जीव गेला तरी सांगणार नाही."

"नको सांगूस," कारभारी शांतपणे म्हणाला. "हलगी दे."

शिपायांनी ती हिसकावून घेतली. दुसऱ्या दिवशी एक परका माणूस तीच हलगी वाजवत दहा गावांतून फिरला आणि दवंडीवालीचा निरोप म्हणून राजाचा निरोप सांगत गेला. शेवटचं वाक्य त्यानं म्हटलं नाही. ते नव्हतं, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मुलगी घरोघर धावली. "हे खोटं आहे. दोऱ्या घेऊन वाळूत चला. आज पाळी कुणाची, ते त्याच सांगतील." थोडे लोक आले. कुणाची दोरी माघातच थांबलेली, कुणाची निम्मी कापलेली, कुणाच्या गाठी पोरांनी खेळताना मारलेल्या. दोन दोऱ्या जुळेनात. एकट्या कोष्टिणीच्या दोरीत कालपर्यंतची प्रत्येक गाठ जागच्या जागी होती.

काठावर उभा असलेला कारभारी हसला. "बहुतेक दोऱ्या सांगतील ते खरं, हाच ना तुमचा नियम? ही तर एकच."

धनगर तिला म्हणाला, "काल हलगी ऐकून गाठ मारायची, आज तुझं तोंड बघून. नक्की कशावर मारू, बाई?"

"माझ्यावर नको," ती म्हणाली. "पाटावर जाऊन बघा, मग मारा."

कित्येक महिन्यांनी तिनं ते वाक्य उच्चारलं होतं. या वेळी कुणी हसलं नाही. कुणी गेलंही नाही, कारण पाटावर आता राजाचे भालेकरी उभे होते.

दहा गावं करपली आणि ऊस डोक्याइतका उंच झाला. तिच्या बापाचं शेतही दुसऱ्यांदा गेलं. पहिल्या वेळी त्याला कारकुनाला शिव्या देता आल्या होत्या. या वेळी तो नुसता तिच्याकडे बघत राहिला.

तात्पर्य : जे सगळ्यांचं आहे त्याची दवंडी देणाऱ्यानं लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावावं, कारण सगळे एकाच आवाजावर विसंबले की जुलमी माणसाला तेवढा एक आवाज हिसकावला तरी पुरतो.