पडद्याआडचा अंजनवाला

ज्या काळी नद्यांवर पूल नव्हते, आणि गाऱ्हाणं घेऊन निघालेला माणूस थेट राजाच्या ओसरीवर जाऊन बसू शकत होता, त्या फार जुन्या काळातली ही हकीकत. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्त लक्ष देऊन ऐकावी.

विणकरांचं एक नगर होतं. घरोघरी माग चालत. बारीक धाग्यावर दिवसभर नजर लावून तिथल्या माणसांचे डोळे संध्याकाळपर्यंत लाल होत, चुरचुरत, पाझरत. केस पिकायच्या आधीच अर्ध्या नगराला सुईत दोरा ओवता येईनासा होई.

त्या नगरात त्र्यंबकशास्त्री नावाचे मोठे पंडित राहत. त्यांचा एकुलता एक मुलगा श्रीरंग. बापानं पाठ दिलेला श्लोक मुलगा दुसऱ्या दिवशी विसरे. शास्त्रीबुवा चारचौघांत म्हणत, "देवानं मला पोथ्या दिल्या, पण त्या उघडणारा दिला नाही."

श्रीरंगाच्या हातात मात्र एक गुण होता. त्याची आई डोळ्यांसाठी अंजन करीत असे. एरंडेलाच्या दिव्यावर धरलेली काजळी, लोणकढं तूप, भीमसेनी कापूर, आणि कितीतरी वेळ घोटणं. ती गेली तेव्हा ती कृती तिच्या मुलाजवळ राहिली. त्यानं ती आणखी सुधारली.

एकदा पहाटे त्यानं शेजारच्या रखमाजी विणकराच्या मागावर अंजनाची एक डबी गुपचूप ठेवून दिली. आठवड्याभरात रखमाजीचे डोळे निवळले. तो गल्लीभर सांगत सुटला, "कुणा देवमाणसानं ठेवली हो! पुन्हा कुठं मिळेल?"

श्रीरंग दाराआड उभा राहून ऐकत होता. बाहेर जाऊन 'मी ठेवली' एवढं म्हणायचं होतं. पण त्याच आठवड्यात शास्त्रीबुवा कुणाच्या तरी मुलाबद्दल बोलले होते, "दुकान टाकलं म्हणे! आपल्या घरात कुणी तागडी हातात धरली, तर माझ्या पंगतीला त्याचं ताट मांडलं जाणार नाही."

श्रीरंगाला ताटही हवं होतं आणि तागडीही. त्यानं विचार केला, 'मी कोण हे कळलंच नाही, तर दोन्ही मिळतील.'

नदीकाठी एक पडकं कोठार होतं. त्याच्या भिंतीला हात जाईल एवढा झरोका होता. श्रीरंगानं आतून जाड पडदा लावला. बाहेर पैसा ठेवला की आतून एक हात येई, डबी ठेवून परत जाई. ना नाव, ना चेहरा, ना शब्द.

पहिल्या दिवशी रखमाजी आला. मग त्याची आळी आली. मग सगळं नगर आलं.

"आत कोण आहे?" लोक विचारत. आतून उत्तर नाही.

मग लोकच उत्तरं देऊ लागले. कुणी म्हणालं, हिमालयातून आलेला तपस्वी आहे. कुणी म्हणालं, राज्य सोडून आलेला राजपुत्र आहे. बायका त्याला अंजनबाबा म्हणू लागल्या. श्रीरंगाच्या ध्यानात आलं, की आपण गप्प बसलो की डबी जास्त दामानं खपते. तेव्हा तो मुद्दाम गप्प बसू लागला. अमावास्येला झरोका बंद ठेवू लागला. त्यामागं काही कारण नव्हतं, पण लोकांनी ते शोधून काढलं, आणि दुसऱ्या दिवशी दुप्पट गर्दी झाली.

आधी तो भीतीपोटी लपला होता. आता नफ्यापोटी लपू लागला. हा फरक त्याला स्वतःला कळला नाही.

अंजन त्याच्या घरातही आलं. शास्त्रीबुवांच्या डोळ्यांपुढची अक्षरं पुसट होत चालली होती. त्यांनी शिष्याकरवी डबी आणवली आणि महिन्याभरात पुन्हा पोथी वाचू लागले. जेवताना ते म्हणाले, "याला म्हणतात माणूस! एवढं मोठं काम, आणि नावाचा लोभ नाही. नाहीतर आमचे चिरंजीव! नाव मिळालंय, पण कामाचा पत्ता नाही."

श्रीरंग खाली मान घालून भात कालवत राहिला. एका कानाला ते शब्द गोड लागत होते, दुसऱ्या कानाला कडू.

त्याची बायको येसू हे सगळं पाहत होती. शहाणी, अबोल मुलगी होती. एके दिवशी तिनं विचारलं, "अहो, दिवसभर कुठं असता?"

"देवळात."

"देवळात मी जाऊन आले. तुमच्या हातांना कापराचा वास येतो. कुणाच्या घरचा?"

श्रीरंग हसला आणि त्यानं विषय बदलला. सांगितलं असतं तर येसूच्या तोंडून ते कुठं गेलं नसतं. पण त्याला गुपिताची इतकी सवय लागली होती, की आता कुणालाही सांगणं म्हणजे आपल्या दुकानाची भिंत पाडणं, असं त्याला वाटे. नफ्याचे हंडे त्यानं कोठाराच्या जमिनीखाली पुरले. येसू विरलेलं जुनंच लुगडं दंड घालून, तुकडे जोडून शिवून नेसत राहिली. त्या घरात नवरा-बायको होते, पण बोलणं राहिलं नव्हतं. एका सकाळी तिनं आपली बोचकी बांधली आणि ती माहेरी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "जिच्याकडे जाता, तिला तरी खरं सांगत जा."

श्रीरंग नेहमीच्या वेळी कोठारात गेला.

इकडे गर्दी वाढली. लोक दर्शन मागू लागले. एकानं काठीनं पडदा बाजूला सारायचा प्रयत्न केला. श्रीरंग घाबरला. तेव्हा त्याला धोंडजी आठवला.

धोंडजी हा म्हातारा बहुरूपी. जन्मभर गावोगाव सोंगं घेऊन हिंडलेला. कधी साधू, कधी फौजदार, कधी खुद्द यमराज. आता पाय थकले होते आणि सोंग पाहायला कुणी दारात थांबत नव्हतं. श्रीरंगानं त्याला कोठारात आणून सांगितलं, "धोंडजी, पांढरी दाढी लावायची, कोठारापुढं बसायचं, हात वर करायचा. बोलायचं काही नाही. दोन वेळचं जेवण आणि मजुरी मी देईन."

"सोंग किती दिवसांचं, मालक?"

"मी सांगेन तोवर."

धोंडजी बसला. नगर त्याच्या पायांवर लोटलं. ज्याला आजवर लोक मूठभर धान्य टाकून पुढं हाकलत, त्याच्यापुढं सावकार डोकं टेकवू लागले. पहिल्या दिवशी आत येऊन तो रडला. म्हणाला, "मालक, मला आजवर कुणी 'जेवलात का' असं विचारलं नव्हतं."

मागणी इतकी वाढली, की एकट्या श्रीरंगाला पुरेना. त्यानं धोंडजीला घोटायला शिकवलं, काजळी धरायला शिकवलं, शेवटी कापराचं मापही सांगितलं; हंडे पुरायलाही तोच हाताशी असे. थोड्याच दिवसांत धोंडजीचं अंजन आणि श्रीरंगाचं अंजन यांत बोटभर फरक उरला नाही. कधीकधी दाढी उतरवायची राहून जाई. पुढं पुढं त्याची स्वतःची दाढी तेवढीच वाढली.

मग शास्त्रीबुवा आजारी पडले. वैद्यांनी मान हलवली. म्हाताऱ्यानं मुलाला जवळ बोलावलं.

"श्रीरंगा, मला एकदा अंजनबाबांना पाहायचं आहे. त्यांच्यामुळे शेवटची पोथी वाचून झाली. त्यांना घेऊन ये. जन्मात एवढं तरी काम कर."

 श्रीरंग खाली बसला. बापाचा हात हातात घेऊन म्हणाला, "तात्या, ते अंजन मी करतो. आईचं अंजन आहे ते. कोठारात मीच असतो."

शास्त्रीबुवा त्याच्याकडे बघत राहिले. मग हसले. हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. ती थांबली तेव्हा डोळ्यांत संताप होता.

"आळशी होतास, मंद होतास, ते मी सोसलं. आता मरणाऱ्या बापापुढं दुसऱ्याचं पुण्य स्वतःच्या नावावर घालतोस? ऊठ. त्यांना घेऊन ये."

श्रीरंग उठला. आणि धोंडजीला घेऊन आला.

शास्त्रीबुवा उठू शकत नव्हते, तरी त्यांनी हात जोडले. राजानं दिलेली शाल उशाला होती. ती त्यांनी धोंडजीच्या खांद्यावर घालायला लावली. पोथ्यांची पेटी त्याच्यापुढं सरकवायला सांगितली. म्हणाले, "तुमच्यासारखा मुलगा मला मिळाला असता, तर आणखी काही मागितलं नसतं."

श्रीरंग पाण्याचा तांब्या घेऊन दाराशी उभा होता. धोंडजीनं एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत विचारणा होती. श्रीरंगानं मान खाली घातली. तेव्हा धोंडजीनं हलकेच आपला हात म्हाताऱ्याच्या कपाळावर ठेवला. त्याच हाताखाली शास्त्रीबुवांनी प्राण सोडला.

तेराव्यानंतर श्रीरंग कोठारात गेला. आता कुणाची भीती उरली नव्हती.

"धोंडजी, सोंग संपलं. उद्या मी पडदा काढतो आणि लोकांना सगळं सांगतो. तुला जन्मभर पुरेल एवढं देईन."

धोंडजी शाल पांघरून बसला होता. तो उठला नाही.

"कुणाला सांगणार, मालक?"

"सगळ्यांना."

"जन्मदात्याला सांगून पाहिलंत, असं तुम्हीच म्हणाला होतात ना? काय झालं?" त्याच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. "मी पुष्कळ सोंगं केली. प्रत्येक वेळी दाढी उतरवून उपाशी झोपलो. ही उतरवायची नाही मी. तुम्हाला तुमचा चेहरा नको होता, म्हणून तुम्ही माझा घेतलात. आता तो माझ्याजवळच राहू द्या."

श्रीरंग राजाकडे गेला. राजा न्यायी होता. त्यानं दोघांनाही बोलावलं, नगरालाही बोलावलं.

"साक्षीदार?" राजानं विचारलं.

श्रीरंगानं आजूबाजूला पाहिलं. जे डोळे त्यानं बरे केले होते, ते सगळे समोर होते. एकाही डोळ्यात ओळख नव्हती.

"महाराज, मी अंजन करून दाखवतो."

त्यानं सर्वांसमोर अंजन केलं. उत्तम झालं. धोंडजीनंही केलं. तेही उत्तम झालं.

रखमाजी विणकर पुढं आला. "महाराज, हा आमच्या शेजारचा. बाप विद्वान, हा रिकामा. बायको सोडून गेली, बाप शिव्या देत मेला. बाबांच्या कोठारात शिरून यानं कृती चोरली असणार. आमचे डोळे बाबांनी बरे केले. आम्ही रोज त्यांच्या पायांवर डोकं ठेवतो."

"रखमाजी!" श्रीरंग ओरडला. "पहिली डबी तुझ्या मागावर मी ठेवली होती!"

"ती देवमाणसानं ठेवली होती," रखमाजी म्हणाला, "तुझं नाव घेऊन तिचा गुण घालवू नकोस."

राजानं दोघांचंही अंजन पुन्हा एकदा निरखून पाहिलं. मग म्हणाला, "श्रीरंगा, तू खरं बोलत असशील. मला तसं वाटतंही. पण वाटण्यावर मी कुणाची कमाई काढून घेत नाही. आपल्याला कुणी ओळखू नये म्हणून तू एवढी वर्षं झटलास, आणि तुझं काम इतकं चोख झालं, की आता मलाही ते मोडता येत नाही. रोजचा तंटा नको, म्हणून या राज्यात तू पुन्हा अंजन विकायचं नाहीस."

कोठार धोंडजीकडे राहिलं, आणि कोठाराखाली पुरलेलंही.

श्रीरंग पायी चालत येसूच्या माहेरी गेला. ती अंगणात धान्य पाखडत होती. त्यानं अंगणाच्या कडेला उभं राहून सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. येसूचा हात थांबला. तिनं सूप खाली ठेवलं आणि त्याचे तळहात हातात घेऊन पाहिले. घोटून घोटून त्यांना घट्टे पडले होते.

"मला खरं वाटतं," ती म्हणाली.

एवढ्या माणसांत पुरावा न मागता खरं मानणारी ती एकटीच होती. श्रीरंगाला रडू आलं.

"मग चल घरी."

येसूनं त्याचे हात सोडले. "दुसरी बाई असती, तर मी कधीतरी माफ केलं असतं. पण कुणीच नव्हतं. तरी तुम्ही मला रडू दिलंत. एका वाक्यानं थांबलं असतं माझं रडणं, आणि तुम्ही ते वाक्य दुकानासाठी राखून ठेवलंत. आता नाही येत मी."

तिनं सूप उचललं आणि ती घरात गेली.

श्रीरंग दुसऱ्या राज्यात गेला. तिथल्या बाजारात उघड्यावर बसून अंजन विकू लागला. येणाऱ्या प्रत्येकाला तो आधी आपलं नाव सांगे, बापाचं सांगे, आईचं सांगे. गिऱ्हाईक डबी उघडून वास घेई आणि म्हणे, "चांगलं आहे. पण अस्सल ते अंजनबाबांचंच. ही त्याची नक्कल दिसते." आणि अर्धे दाम ठेवून निघून जाई.

बोध असा, की जो नफ्यासाठी आपल्याच माणसांपासून तोंड लपवतो, त्याचा नफा एक दिवस दुसऱ्याच्या तोंडाला ओळखतो.